मोंढ्याची हिशोबपट्टी आणि रस्ट : मजकूर वाचून त्याचे टाइप कसे करावेत

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे सी अथवा पायथन शिकून रस्ट या प्रोग्रामिंग भाषेकडे वळलेला विद्यार्थी पहिल्यांदा अडतो तो कीबोर्डवरून एक साधा आकडा वाचताना. सी भाषेतील ‘ए-टू-आय’ या फंक्शनला आकड्याऐवजी अक्षरे दिली, तर ते निमूटपणे शून्य परत करते. जावास्क्रिप्टमधील ‘नंबर’ रिकाम्या स्ट्रिंगचेही शून्यच करते. शेतकऱ्याच्या मालाचे वजन खरोखर शून्य होते की त्या जागी काही भलतेच लिहिले होते, हे त्यानंतर कोणालाच सांगता येत नाही. रस्टमध्ये स्ट्रिंगवर ‘पार्स’ चालवले की हाती थेट आकडा येत नाही, तर ‘रिझल्ट’ येतो. त्यात आकडा असेल किंवा चूक असेल, आणि या दोहोंपैकी काय आहे ते पाहिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही. सुरुवातीला ही अडवणूक वाटते. परंतु हिशोबाच्या कामात हीच गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे.

या लेखात एकच उदाहरण अखेरपर्यंत चालवले आहे. मोंढ्यातील एखाद्या आडतीवर दिवसभराच्या पट्ट्या एका मजकूर फाइलमध्ये उतरवल्या जातात, प्रत्येक पट्टीची एक ओळ असते, आणि ती ओळ अशी दिसते :

१५-१०-२०२४, ढोकी, उस्मानाबाद, सोयाबीन, १८.४०, ४२५०/-

दिनांक, गाव, जिल्हा, पीक, क्विंटलमधील वजन आणि क्विंटलचा भाव, असा हा क्रम आहे. अंक देवनागरी आहेत, जिल्ह्याचे नाव जुने आहे आणि भावापुढे आपल्याकडच्या सवयीप्रमाणे ‘/-’ लावलेले आहे. नमुना मुद्दाम असा घेतला आहे, कारण पाठ्यपुस्तकातील स्वच्छ ओळ पार्स करणे अवघड नसते.

प्रोग्राम लिहिण्यापूर्वी एक नियम ठरवून घ्यावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा : मजकूर फक्त प्रोग्रामच्या सीमेवर असावा. ओळ आत येताच तिचे एका ‘नोंद’ नावाच्या स्ट्रक्टमध्ये रूपांतर करावे, आणि त्यानंतर आतल्या कोणत्याही फंक्शनला कच्ची स्ट्रिंग दिसू नये. बेरीज करणाऱ्या फंक्शनमध्ये ‘ट्रिम’ किंवा ‘पार्स’ दिसू लागले, तर सीमेवरचे काम अर्धवट राहिले आहे असे समजावे.

ओळ वाचणे

कीबोर्डवरून एक ओळ घेण्यासाठी ‘रीड-लाइन’ वापरतात. तिच्याविषयी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, ओळीच्या शेवटचे ओळबदलाचे चिन्ह ती स्ट्रिंगमध्येच ठेवते, आणि ‘पार्स’ला आकड्याच्या मागे-पुढे कसलीही मोकळी जागा चालत नाही; म्हणून आधी ‘ट्रिम’ करावे लागते. पायथनमधील ‘इंट’ ही मोकळी जागा स्वतःच काढून टाकते, त्यामुळे तिकडून आलेल्यांना बरोबर दिसणारा आकडा अवैध का ठरतो हे पटकन उमगत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ‘रीड-लाइन’ दिलेल्या स्ट्रिंगमधील आधीचा मजकूर पुसत नाही, नवा मजकूर त्याच्यामागे जोडते. तेव्हा लूपमध्ये प्रत्येक फेरीला स्ट्रिंग ‘क्लिअर’ करावी. तिसरी गोष्ट अशी की, इनपुट संपले म्हणजे ही फंक्शन चूक न देता शून्य बाइट वाचल्याचे सांगते. ‘आकडा चुकला, पुन्हा टाका’ असे सांगणाऱ्या लूपमध्ये हे शून्य तपासले नाही, तर इनपुट बंद झाल्यावर तो लूप तोच संदेश अखंड छापत राहतो.

फाइल वाचताना ‘बफ-रीडर’वरील ‘लाइन्स’ अधिक सोयीचे पडते. विंडोजवरील फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरिज रिटर्न आणि ओळबदल अशी दोन चिन्हे असतात, आणि ‘लाइन्स’ ती दोन्ही काढून टाकते. मात्र फाइलच्या आरंभी असणारे बाइट ऑर्डर मार्क हे अदृश्य चिन्ह ती काढत नाही, आणि ‘ट्रिम’ही काढत नाही, कारण युनिकोडच्या हिशोबाने ते मोकळ्या जागेत मोडत नाही. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या पर्यायाने साठवलेल्या फाइलमध्ये हे चिन्ह हमखास असते. फक्त पहिलीच ओळ नापास होत असेल आणि डोळ्यांना तिच्यात काहीच वावगे दिसत नसेल, तर आधी हेच तपासावे. पहिल्या ओळीवर ‘स्ट्रिप-प्रीफिक्स’ चालवून ते काढता येते. एक्सेलमधीलच साधा ‘सीएसव्ही’ हा पर्याय देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे टाकतो, आणि त्या फाइलवर नंतर काहीही उपाय चालत नाही.

फाइल यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, नसेल तर ‘लाइन्स’ त्या ओळीसाठी चूक परत करते. जुन्या संगणकांवर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलींची गोष्ट याहून निराळी आहे : त्यांतील संकेत युनिकोडचे नसतात, फाँट बदलताच मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. असा मजकूर पार्सरने ओळखावा अशी अपेक्षा न ठेवता आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

ओळ तोडणे

स्वल्पविरामावर ‘स्प्लिट’ करावे, प्रत्येक तुकडा ‘ट्रिम’ करावा, सर्व तुकडे एका ‘व्हेक’मध्ये, म्हणजे वाढत जाणाऱ्या यादीत, गोळा करावेत आणि मग त्या ‘व्हेक’च्या स्लाइसवर ‘मॅच’ लावून नेमके सहा तुकडे असलेला नमुना लिहावा, ज्यात प्रत्येक तुकड्याला तिथेच नाव मिळते. पाच किंवा सात तुकडे आले तर ती ओळ दुसऱ्या शाखेत जाते आणि तिथे ‘सहा रकाने अपेक्षित होते, सात मिळाले’ अशी चूक तयार करता येते. अनुक्रमांक देऊन एकेक तुकडा उचलण्याची पद्धत टाळावी, कारण तुकडा कमी पडला की तिथे प्रोग्राम पॅनिक होऊन बंद पडतो.

सातवा तुकडा बहुतेक वेळा भावातून निघतो. कोणी ‘४,२५०’ असे लिहिले की आकड्यातला स्वल्पविराम आणि रकान्याचा स्वल्पविराम यांत प्रोग्रामला फरक करता येत नाही. यावर दोन मार्ग आहेत : रकान्यांसाठी उभी रेघ किंवा टॅब वापरणे, अथवा असा आकडा अवतरणचिन्हांत लिहिण्याचा दंडक घालून ‘सीएसव्ही’ हे क्रेट, म्हणजे रस्टची तयार लायब्ररी, वापरणे. अवतरणचिन्हे स्वतः हाताळण्याचा खटाटोप करू नये. ते काम दिसते त्यापेक्षा किचकट आहे आणि त्या क्रेटने ते उत्तम केलेले आहे.

मोकळ्या जागेवर तोडताना ‘स्प्लिट’ला एक मोकळी जागा देणे आणि ‘स्प्लिट-व्हाइटस्पेस’ वापरणे यांत फरक आहे. पहिल्या पद्धतीत दोन मोकळ्या जागा लागोपाठ आल्या तर मध्ये एक रिकामा तुकडा मिळतो. दुसरी पद्धत लागोपाठच्या सर्व मोकळ्या जागा एकच मानते.

ओळ बाइटच्या अनुक्रमांकाने कापण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. देवनागरीतील प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘लातूर’ या शब्दात अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट आहेत. चौथ्या बाइटवर कापायला सांगितले की रस्टचा प्रोग्राम जागीच थांबतो, कारण ते कापणे एका चिन्हाच्या पोटातून जाते.

आकडे

रस्टचे ‘पार्स’ फक्त इंग्रजी अंक ओळखते. ‘४२५०’ देवनागरीत लिहिले तर ‘अवैध अंक’ ही चूक येते, पायथनचे ‘इंट’ मात्र तेच निमूट स्वीकारते. उपाय सोपा आहे : देवनागरी शून्य ते नऊ ही चिन्हे युनिकोडमध्ये सलग आहेत, त्यामुळे एखादे चिन्ह त्या टप्प्यात पडत असेल तर त्यातून देवनागरी शून्याचा संकेतांक वजा करून मिळालेला इंग्रजी अंक त्याच्या जागी ठेवावा आणि बाकीची चिन्हे जशीच्या तशी पुढे न्यावीत. हे फंक्शन प्रत्येक आकडी रकान्यावर सर्वांत आधी चालवावे. तसे न करता आधी लांबी मोजली, तर ‘लेन’ हे बाइट मोजत असल्यामुळे देवनागरी चारचा एकच अंक तीन इतका लांब भरतो.

‘४२५०/-’ मधील शेवटची दोन चिन्हे ‘स्ट्रिप-सफिक्स’ने काढावीत. इथे एक धोरणाचा प्रश्न येतो : लोकांच्या कोणत्या सवयी चालवून घ्याव्यात आणि कोणत्या परत पाठवाव्यात? माझ्या मते ज्या लेखनाचा अर्थ एकच निघतो ते स्वीकारावे आणि ज्याचे दोन अर्थ संभवतात ते नाकारावे. ‘/-’ चा दुसरा अर्थ नाही. वजनाच्या रकान्यात नुसते ‘१८४०’ असेल, तर ते क्विंटल आहेत की कोणी किलोत लिहिले आहे, हे प्रोग्रामने तर्काने ठरवू नये.

आता वजन. ‘१८.४०’ दिसताच हात ‘एफ-६४’ या दशांश टाइपकडे वळतो, आणि तो आवरावा. त्या टाइपमध्ये शून्य दशांश एक आणि शून्य दशांश दोन यांची बेरीज नेमकी शून्य दशांश तीन येत नाही. शिवाय त्याचे ‘पार्स’ अनंत दर्शवणारा ‘इन्फ’ आणि संख्याच नसल्याचे दर्शवणारा ‘नॅन’ हे इंग्रजी शब्दही वैध मानते. एखाद्या ओळीत असा ‘नॅन’ शिरला की दिवसाची सगळी बेरीज ‘नॅन’ होते. क्विंटलचे शंभर किलो होतात, म्हणून वजन पूर्ण किलोमध्ये आणि भाव पूर्ण पैशांमध्ये ठेवावा, म्हणजे दशांशाचा प्रश्नच उरत नाही.

त्यासाठी वजनाचा मजकूर टिंबाच्या ठिकाणी ‘स्प्लिट-वन्स’ने दोन भागांत तोडावा. डावा भाग क्विंटल, उजवा भाग किलो. ‘१८.०५’ म्हणजे अठरा क्विंटल पाच किलो, पण ‘१८.४’ म्हणजे अठरा क्विंटल चाळीस किलो, चार नव्हे. तेव्हा उजव्या भागात एकच अंक असेल तर त्याला दहाने गुणावे, दोन असतील तर तसेच घ्यावेत आणि अधिक असतील तर चूक द्यावी. टिंबच नसेल तर किलो शून्य. एवढ्यावर काम झाले असे वाटते, परंतु एक छिद्र राहते : चिन्हविरहित ‘यू-३२’ या पूर्णांक टाइपचे ‘पार्स’सुद्धा आरंभीचे अधिक चिन्ह चालवून घेते. त्यामुळे बोट घसरून ‘१८.+४’ असे टाइप झाले, तर उजव्या भागाची लांबी दोन भरते, ‘पार्स’ आनंदाने चार देते आणि अठरा क्विंटल चार किलोची नोंद होऊन बसते. म्हणून ‘पार्स’ करण्याआधी दोन्ही भागांतील प्रत्येक चिन्ह अंकच आहे ना, हे स्वतंत्रपणे तपासावे.

मिळालेला आकडा नुसता ‘यू-३२’ म्हणून पुढे पाठवू नये. ‘किलो’ आणि ‘पैसे’ असे दोन छोटे टपल स्ट्रक्ट करावेत, ज्यांच्या पोटात एकेक पूर्णांक असेल. मग चुकून वजनाच्या जागी भाव दिला, तर तो प्रोग्राम कंपाइलच होत नाही. या दोन ओळींच्या कष्टात जेवढी सुरक्षितता मिळते तेवढी दहा चाचण्यांतही मिळत नाही.

पूर्णांकाची कमाल मर्यादाही ध्यानात घ्यावी, आणि ती या उदाहरणात फार लवकर गाठली जाते. रक्कम काढण्यासाठी किलोला क्विंटलच्या भावातील पैशांनी गुणून शंभराने भागायचे. १,८४० किलो आणि ४,२५,००० पैसे यांचा गुणाकार ७८ कोटी २० लाख होतो, आणि शंभराने भागल्यावर ७८,२०,००० पैसे, म्हणजे ७८,२०० रुपये मिळतात. हे ‘यू-३२’मध्ये बसते, कारण त्याची मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ आहे. पण त्याच भावाने १०१ क्विंटल ६ किलो माल आला की गुणाकार ४,२९,५०,५०,००० होतो, म्हणजे मर्यादेबाहेर जातो. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या रूपात, प्रोग्राम तिथे पॅनिक होतो. प्रत्यक्ष वापरासाठीच्या रिलीज बिल्डमध्ये मात्र मूळ सेटिंगप्रमाणे आकडा गुपचूप फिरून पुन्हा शून्यापासून मोजला जातो आणि ४,२९,५०५ रुपयांच्या पट्टीवर ८ रुपये २७ पैसे छापले जातात. गुणाकारापूर्वी दोन्ही आकडे ‘यू-६४’मध्ये न्यावेत, किंवा ‘चेक्ड-मल्’ वापरून मर्यादा ओलांडल्याचे रीतसर हाताळावे.

मूल्य संभाव्य आहे का, हे तपासण्याची अट घालताना मोंढ्याची रीत माहीत असावी. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी ४,८९२ रुपये होता. त्याखालचा भाव चुकीचा मानून ओळ नाकारणारा प्रोग्राम आपली नमुना ओळसुद्धा नाकारील, आणि त्यात दोष ओळीचा नसेल.

जिल्हा, पीक आणि दिनांक

जिल्ह्यासाठी स्ट्रिंग न ठेवता ‘इनम’, म्हणजे ठरावीक पर्यायांचा टाइप, करावा आणि त्यावर ‘फ्रॉम-स्ट्र’ हा ट्रेट (टाइपला ठरावीक क्षमता देणारा करार) लिहावा, म्हणजे त्यालाही ‘पार्स’ लागू होतो. २०२३ साली औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी अधिकृतपणे बदलली, पण जुन्या फाइलींत आणि जुन्या सवयींत आधीची नावे आहेतच. ‘मॅच’च्या एकाच शाखेत ‘उस्मानाबाद’ आणि ‘धाराशिव’ ही दोन्ही नावे लिहून एकच प्रकार परत करावा. आतल्या प्रोग्रामला नामांतराचा पत्ताही लागत नाही. मराठवाड्याचे आठ जिल्हे लिहिले की काम संपले असे मात्र समजू नये, उदगीरच्या मोंढ्यात सीमेपलीकडच्या बिदरचा मालही येऊ शकतो. अनोळखी नाव ‘इतर’मध्ये ढकलणारी शाखा लिहू नये, तिच्यामुळे टंकलेखनाची प्रत्येक चूक वैध नोंद होऊन जाते. नवा जिल्हा आला तर इनममध्ये त्याची भर घालावी, आणि मग जिथे जिथे त्याचा विचार करायचा राहिला असेल ती प्रत्येक जागा कंपायलरच दाखवतो, अट एवढीच की तिथल्या ‘मॅच’मध्ये सर्वांना गिळणारी शाखा नसावी.

नावे जुळवताना मराठीची एक खास अडचण येते. फाइलच्या पहिल्या ओळीत ‘शेतकऱ्याचे गाव’ असा मथळा असेल, तर त्यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होऊ शकतो : नुक्त्याच्या र ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली की स्ट्रिंग वेगळ्या ठरतात. युनिकोडचे प्रमाणीकरणही हे दोन प्रकार एक करत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने त्या समान मांडण्या नाहीत. त्यामुळे दुसऱ्या मांडणीचे पहिलीत रूपांतर करणारे एक छोटे फंक्शन लिहून ते मथळे, गावे आणि पिके या सर्वांवर आधी चालवावे लागते.

दिनांकाबाबत थोडक्यात : आडव्या रेषेवर तोडून दिवस, महिना आणि वर्ष वेगळे करावे, आणि ते ‘क्रोनो’ क्रेटच्या ‘फ्रॉम-वायएमडी-ऑप्ट’ या फंक्शनला द्यावेत. ते ‘ऑप्शन’ परत करते, त्यामुळे ३१ सप्टेंबर तिथेच अडतो. दोन अंकी वर्ष नाकारावे.

चूक कोणाला आणि कशी सांगावी

‘अनरॅप’ हे फंक्शन शिकताना ठीक आहे. मुनीमाच्या हाती जाणाऱ्या प्रोग्रामच्या सीमेवर ते असू नये, कारण एका चुकीच्या ओळीमुळे सगळे थांबते आणि पडद्यावर जे इंग्रजी वाक्य उमटते ते त्याच्या कामाचे नसते. चुकांचाही एक इनम करावा : रकान्यांची संख्या चुकली, वजन अवैध, भाव अवैध, जिल्हा अनोळखी, पीक अनोळखी, दिनांक अशक्य. प्रत्येक प्रकारात मूळ मजकूर जसाच्या तसा, म्हणजे देवनागरी अंकांसह, साठवावा. ओळ पार्स करणाऱ्या फंक्शनमध्ये ‘?’ हे चिन्ह वापरून चूक वर पाठवावी आणि ओळीचा क्रमांक बाहेरच्या लूपने जोडावा. ‘एन्युमरेट’ शून्यापासून मोजते, म्हणून त्यात एक मिळवावा. मग संदेश असा होतो :

ओळ ४७ : वजन ‘१८.४०५’ यात दशांशानंतर दोनपेक्षा जास्त अंक आहेत.

हा संदेश वाचून मुनीम फाइल उघडतो, ४७ व्या ओळीवर जातो आणि तोच मजकूर शोधतो. प्रोग्रामने बदललेले इंग्रजी अंक संदेशात दाखवले असते, तर शोध लागला नसता.

सर्व ओळींचे निकाल एका ‘रिझल्ट’मध्ये ‘कलेक्ट’ करण्याची सोय रस्टमध्ये आहे आणि ती दिसायला मोहक आहे, पण ती पहिल्या चुकीवर थांबते. मोठी फाइल असेल तर माणूस एक चूक दुरुस्त करतो, प्रोग्राम पुन्हा चालवतो आणि पुढची चूक पाहतो. दुपारपर्यंत हेच चालते. त्याऐवजी दोन ‘व्हेक’ करावेत, एकात नोंदी आणि दुसऱ्यात चुका, आणि शेवटी सर्व चुकांची यादी एकदम द्यावी. चुकांची यादी रिकामी नसेल तर एकूण बेरीज छापू नये, असे माझे ठाम मत आहे. अपुरी बेरीज पडद्यावर आली की ती वहीत उतरते, आणि खालची चुकांची यादी कोणी वाचत नाही.

‘सीएसव्ही’ क्रेटसोबत ‘सर्डे’ हे क्रेट वापरून स्ट्रक्ट आपोआप भरण्याची पद्धत पुढे जाऊन अवश्य स्वीकारावी. तीही आतून देवनागरी अंकांना नकारच देते. म्हणून वर लिहिलेली फंक्शने ‘डीसीरियलाइझ-विथ’ या सूचनेद्वारे त्या-त्या रकान्याला जोडावी लागतात, आणि ती लिहिण्याचे श्रम वाया जात नाहीत.

चाचण्यांसाठी खऱ्या फाइलीतून उचललेल्या ओळी वापराव्यात. वजनासाठी ‘१८’, ‘१८.४’, ‘१८.०५’, ‘१८.’, ‘.५०’, ‘१८.+४’ आणि रिकामा मजकूर एवढे सात नमुने लिहावेत. त्यांतील ‘१८.’ आणि ‘.५०’ स्वीकारायचे की नाकारायचे हे त्या आडतीवरच्या मुनीमाला विचारून ठरवावे, आणि त्याने जे सांगितले ते चाचणीच्या नावातच लिहून ठेवावे.